कोरलचं मांस सुटायला लागलं? बाटली उघडण्याआधी हे बघा

मे महिना, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. कासारवडवलीहून एका मुलाचा फोन आला. त्याचा पहिलाच रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, जेमतेम सात महिन्यांचा. आवाज रडवेला. टोडस्टूल नावाच्या, छत्रीच्या आकाराच्या मऊ कोरलबद्दल विचारत होता. "काकू, टोडस्टूल बुडापासून काळं पडतंय. बोट लावलं तर मांस बोटाला येतंय. काय टाकू?"

"काही टाकू नकोस. हातही लावू नकोस," मी म्हटलं. "निळे दिवे बंद कर, पांढरे लाव आणि चारही बाजूंनी फोटो काढून पाठव. मग खारटपणा मोजून सांग."

नेरुळच्या घरात मी ११ वर्षं समुद्री टँक सांभाळते आहे. ठाणे-नवी मुंबईतले नवे लोक अडले की फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो: काय टाकू? आयोडीन, अमिनो अ‍ॅसिड, दुकानदाराने दिलेलं एखादं टॉनिक. माझ्या डोळ्यांदेखत जितकी कोरल रोगाने गेली, त्याहून जास्त अशी घाबरून ओतलेल्या बाटल्यांनी गेली. म्हणून बाटलीपर्यंत पोचायच्या आधी काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

पहिलं पाऊल: मांस खरंच सुटतंय का, ते ओळखा

कोरल पांढरं दिसलं की नवा माणूस हादरतो. पण पांढरं पडणं दोन प्रकारचं असतं. कोरलच्या मांसात सूक्ष्म शेवाळं राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं किंवा प्रकाश एकदम वाढला की कोरल हे शेवाळं बाहेर टाकतं. याला ब्लीचिंग म्हणतात. यात मांस जागेवरच असतं, फक्त काचेसारखं पारदर्शक होतं आणि आतला सांगाडा दिसू लागतो. भिंगातून नीट पाहिलंत तर पॉलिपची (कोरलमधल्या एकेका बारीक जिवाची) तोंडं दिसतात, खाऊ दिला तर हलतात. असं कोरल जिवंत आहे आणि ते परत येऊ शकतं.

मांस सुटतं तेव्हा उघडा, खरखरीत, पांढराशुभ्र सांगाडा दिसतो. जिवंत भाग आणि हाड यांच्यामध्ये स्पष्ट रेघ असते, काही वेळा तिथे मांसाच्या लक्तरासारख्या चिंध्या लोंबतात. काही दिवसांत त्या उघड्या भागावर हिरवट शेवाळ धरतं. यावरून जखमेचं वयही कळतं: पांढरं म्हणजे ताजी, हिरवी-तपकिरी म्हणजे जुनी. रेघेलगतचा पांढरा पट्टा रुंद असेल तर नुकसान वेगाने चाललंय. पट्टाच नसेल, शेवाळ थेट मांसाला भिडलेलं असेल, तर नुकसान बहुधा थांबलंय.

सॉफ्ट कोरलला असा सांगाडा नसतो, मांसात चुन्याचे बारीक कण तेवढे असतात. त्यामुळे तिथे मांस गळणं म्हणजे काळपट-तपकिरी, बुळबुळीत, दुर्गंधी डाग. टोडस्टूलसारखी लेदर कोरल मात्र अधूनमधून कात टाकतात. चार-आठ दिवस पूर्ण मिटून बसतात, अंगावर मेणासारखी चकचकीत साय येते, मग ती सुटून वाहून जाते आणि खालून टवटवीत कोरल उघडतं. या काळात त्याला नुसता चांगला प्रवाह लागतो. ऐरोलीच्या एका बाईंनी अशी कात टाकणारी दोन कोरल मेली समजून फेकून दिली होती. मला अजून त्याची हळहळ वाटते. वास घेऊन बघा: कात टाकणाऱ्या कोरलला समुद्राचा वास येतो, कुजणाऱ्याला सडक्या मासळीचा.

दुसरं पाऊल: जखम कुठून सुरू झाली, ते वाचा

यापुढे दगडी कोरलचा, म्हणजे चुन्याचा कडक सांगाडा असलेल्या कोरलचा, उल्लेख येणार, म्हणून आधी एक गोष्ट. सगळे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळ हलवायची होती, तर महापालिकेलाही आधी वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. मग आपण घरात कुठल्याही बिनकागदी तुकड्याला जागा देता कामा नये. मी स्वतः सॉफ्ट कोरलच ठेवते आणि नव्यांनाही तेच सांगते. ती काटक आहेत आणि त्यांच्यात शिकण्यासारखं खूप आहे. ज्यांच्याकडे दगडी कोरल आहे, त्यांनी कागद आणि नोंदणी व्यवस्थित करून घ्यावी. पण घरात असलेला जीव मरताना बघत बसू नये, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

बुडापासून वर सरकणारी जखम, रोज थोडी थोडी: बुडाशी प्रकाश किंवा प्रवाह पोचत नाही, नाहीतर पाण्याच्या मोजमापात हळूहळू काहीतरी घसरलंय. टोकं पांढरी पडून जळल्यासारखी दिसणं: अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) जास्त आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ, हे जोडीने असेल तर फार वेळा होतं. नवा, जास्त ताकदीचा दिवा लावल्यावरही होतं. एकाच बाजूचं मांस गेलं तर त्या बाजूचा शेजारी कोण आहे, ते बघा. गॅलॅक्सियासारखी कोरल रात्री वीतभर लांब डंखाचे धागे सोडतात, दिवसा त्यांचा मागमूस नसतो. मधेच कुठेतरी गोल गोल, चावल्यासारखे ठिपके असतील तर कीड.

हॅमर किंवा टॉर्च नावाच्या दगडी कोरलच्या डोक्यावर तपकिरी, शेंबडासारखा लगदा दिसला तर मात्र थांबायला वेळ नाही. हा ब्राउन जेली रोग. त्यात जिवाणू आणि एकपेशीय जीव असतात आणि प्रवाहाबरोबर तो लगदा शेजारच्या डोक्यांवर जाऊन बसतो. आधी सगळे पंप बंद करा. बारीक नळीने लगदा ओढून बादलीत काढा आणि ते पाणी परत टँकमध्ये ओतू नका. मग कोरल वेगळ्या भांड्यात घ्या, बाधित डोकं कापून टाका. उरलेल्याला कोरलसाठीच्या आयोडीन डिपमध्ये (बुडवून ठेवायच्या औषधी द्रावणात), लेबलवरच्या मात्रेत आणि तेवढाच वेळ ठेवा. मात्रा अंदाजाने वाढवू नका.

तासाभरात, दोन तासांत अख्ख्या फांद्या नागड्या होत असतील, तर कारण शोधत बसण्याआधी निरोगी टोकं कापून वाचवा. कापण्याबद्दल पुढे येतंच आहे.

तिसरं पाऊल: मोजा, आणि आधी मापकच तपासा

त्या रात्री मुलाने कळवलं, "काकू, खारटपणा १.०२५ आहे, एकदम बरोबर." (हा आकडा म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत खाऱ्या पाण्याची घनता.) फोटोत टोडस्टूलचं बूड काळं, शेजारची झोअँथिड (चटईसारखे पसरणारे छोटे पॉलिप) मिटलेली, एक गोगलगाय वाळूवर पालथी. एकाच वेळी तीन वेगवेगळे जीव त्रासात असताना खारटपणा 'एकदम बरोबर' असेल, यावर माझा विश्वास बसेना. सकाळी ठाणे लोकल पकडली, तिथून घोडबंदरची बस. पर्समध्ये ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाण द्रावणाची बाटली होती.

त्याच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या (खारटपणा मोजायच्या मापकाच्या) काचेवर दोन थेंब टाकले, झाकण मिटलं, अर्धा मिनिट थांबलो आणि खिडकीकडे धरून पाहिलं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा १.०२६ वर दिसायला हवी होती, दिसली १.०२१ वर. म्हणजे मापक ०.००५ ने कमी दाखवत होता आणि टँकचं पाणी खरं तर १.०३० होतं. त्याने दुकानातून आणल्यापासून एकदाच, तेही आरओच्या पाण्यावर शून्य लावून घेतलं होतं. नुसतं शून्य जुळलं म्हणून वरचा आकडा जुळतोच असं नाही. महिन्यातून एकदा ३५ च्या द्रावणाने तपासा. बाटली महाग नाही आणि वर्षभर पुरते.

मग बाकीचं, याच क्रमाने.

तापमान २५ ते २७ अंश. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३३ वर जाते. पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा २-३ अंश उतरवतो, पण तो उतरवतो बाष्पीभवनाच्या जोरावर. म्हणजे पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं, शुद्ध पाणी घालायचं, मिठाचं कधीच नाही. जून उजाडला, हवा दमट झाली की हाच पंखा जवळजवळ निकामी ठरतो, कारण भरलेल्या हवेत पाणी फारसं उडत नाही. उन्हाळा पंख्यावर निघाला म्हणून पावसाळी उकाडाही निघेल, असं धरून चालू नका. चिलर परवडत नसेल तर त्या काळात खोलीचा एसी दुपारी चालू ठेवावा लागतो.

अल्कलिनिटी दगडी कोरलला ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) ठेवतात. नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर असणं मोठं. दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका. इथेही पावसाळा आडवा येतो. बरेच जण टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी घालायच्या, पाण्यातच चुन्याची निवळी घालतात, म्हणजे जितकं पाणी उडेल तितका चुना टँकला मिळतो. मेमध्ये दिवसाला ३ लिटर उडत असेल आणि जुलैत १ लिटर, तर चुनाही तिसऱ्या हिश्शावर आला. माणूस म्हणतो मी काहीच बदललं नाही, आणि अल्कलिनिटी खाली खाली जात असते. जून ते सप्टेंबर दर दोन दिवसांनी, ठरल्या वेळी मोजा. (निवळीसाठी पानाचा चुना वापरू नका. त्यात काय काय असतं याचा भरवसा नसतो.)

नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. शून्य म्हणजे स्वच्छ, ही समजूत मनातून काढा. शून्यावर कोरल उपाशी राहतं. आणि टँक एका वर्षाच्या आतला असेल, मासा मेलेला सापडला असेल, वीज जाऊन आली असेल, तर अमोनियाही बघा.

सगळे आकडे तारखेसह वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्यांवरून काही कळत नाही. तीन महिन्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की घसरण दिसते.

चौथं पाऊल: घरात आणि सोसायटीत काय बदललं?

पाणी नीट मोजलं, सगळं बरोबर आलं, तरी कोरल सुटतंय. आता टँकवरची नजर काढा आणि मागच्या दोन आठवड्यांत घरात काय झालं, ते घरातल्या सगळ्यांना विचारा. तुम्ही ऑफिसात असता तेव्हा बरंच काही घडतं.

डासांसाठी धूर फवारणीची गाडी येऊन गेली का? सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं का? त्यातली बरीचशी औषधं कोळंबी-खेकड्यांच्या जातीला अगदी सूक्ष्म मात्रेतही घातक असतात, आणि टँकचा एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. फवारणीच्या वेळी खिडक्या लावा, एअर पंप बंद ठेवा, टँकवर ओलं फडकं घाला, वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) चालू राहू द्या. दिवाळीआधीचा रंग, डासांची लिक्विड मशीन, देवघरातला धूप हेही याच यादीत.

पाणी कुठून येतंय? घोडबंदर पट्ट्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत. कालपर्यंत पालिकेचं पाणी होतं, आज टँकरमधलं बोअरचं, आणि तुमच्या डीआय रेझिनचा (आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) दम दोन आठवड्यांत संपतो. पावसाळ्यात गढूळ पाण्याने सेडिमेंट फिल्टर तुंबतो. पाणी भरायच्या आधी दर वेळी टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर लावा. ० यायला हवा. ५ किंवा ८ आला तर रेझिन बदला, मगच ते पाणी वापरा.

आणि स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी कधीही वापरू नका. हे मी फार मोठी किंमत देऊन शिकले. २०१९ च्या पावसाळ्यात माझा डीआय फिल्टर तुंबला होता. दोन दिवसांचाच प्रश्न म्हणून मी घरच्या पिण्याच्या प्युरिफायरचं पाणी टॉप-अपला वापरलं. महिनाभरापूर्वीच सर्व्हिसला आलेल्या माणसाने त्यात तांब्याचं कार्ट्रिज बसवलं होतं, तब्येतीला चांगलं म्हणून. माझ्या लक्षातच राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एक गोगलगाय वाळूवर उताणी पडलेली दिसली, पाय बाहेर लोंबलेला. बोट लावलं तर आत घ्यायलाही ताकद नव्हती. संध्याकाळी कोळंबी गेली. झोअँथिडचा गालिचा मिटला तो उघडलाच नाही, आठवडाभरात विरघळल्यासारखा नाहीसा झाला. मासे मात्र मजेत पोहत होते. पाठीचा कणा नसलेले जीव आधी पडतात आणि मासे ठीक दिसतात, तेव्हा तांबं किंवा कीटकनाशक मनात आणा. नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लगेच लावा, तांबं शोषणारं माध्यम मिळालं तर तेही, आणि ० टीडीएसच्या पाण्यात मीठ मिसळून दोन-तीन दिवसांत थोडं थोडं पाणी बदला.

विजेचंही विचारून घ्या. चार तास वीज गेली तर कोरलला अंधाराने काही होत नाही. प्रवाह थांबून पाण्यातला प्राणवायू संपतो, त्याने होतं. इन्व्हर्टरवर दिवा जोडलेला असेल तर तो काढून वेव्हमेकर जोडा.

पाचवं पाऊल: रात्री टॉर्च घेऊन बसा

दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी, लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघा. पांढऱ्या उजेडात कीड लपते. दगडी कोरलपैकी फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरावर चपटे किडे असतात, जवळजवळ कोरलच्याच रंगाचे. फांदीवर ड्रॉपरने पाण्याचा झोत मारला की सुटून उडतात. मोंटिपोरा नावाच्या दगडी कोरलच्या खालच्या बाजूला पांढऱ्या, पिसासारख्या गोगलगायी. झोअँथिडमध्येही त्यांना खाणाऱ्या गोगलगायी असतात, झोअँथिडचाच रंग घेतलेल्या.

केसाळ ब्रिसल वर्म जखमेपाशी दिसला तर लगेच त्याला दोषी धरू नका. तो बहुतेक वेळा मेलेलं मांस साफ करायला आलेला असतो.

कीड सापडली तर कोरल बाहेर काढून कीडनाशक डिपमध्ये बुडवा. डिपने मोठे किडे मरतात, अंडी मरत नाहीत. उघड्या सांगाड्यावरची अंडी जुन्या टूथब्रशने खरवडून काढा आणि दर आठवड्याला, निदान सहा आठवडे, हेच पुन्हा करा. एका डिपवर थांबलेल्यांकडे महिन्याभरात कीड परत आलेली मी पाहिली आहे.

सहावं पाऊल: कापायचं असेल तर

कारण सापडलं, दुरुस्ती सुरू झाली आणि तरी रेघ पुढे सरकतेय, तर कापा. दगडी कोरलमध्ये रेघेपासून निदान १ सेंटीमीटर आत, निरोगी मांसातून. रेघेवरच कापलंत तर रोग तुकड्याबरोबर जातो. लेदर कोरलमध्ये काळा भाग धारदार, स्वच्छ ब्लेडने पूर्ण काढा, आतलं मांस एकसारखं फिकट दिसेपर्यंत. मग तुकडा जोरदार प्रवाहात ठेवा.

झोअँथिड आणि पॅलिथोआ कापताना मात्र जिवाची काळजी घ्या, तुमच्या जिवाची. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय, हाताला जखम असताना, किंवा लहान मुलं जवळ असताना त्यांना हात लावू नका. तो दगड उकळत्या पाण्यात टाकणं किंवा कोरडा घासणं तर कधीच नाही. वाफेतून ते विष छातीत जाऊन घरचे सगळे दवाखान्यात पोचल्याच्या घटना इतर देशांत घडल्या आहेत.

सातवं पाऊल: दुरुस्ती सावकाश करा

चूक सापडली की ती एका रात्रीत सुधारायची घाई होते. १.०३० वरून १.०२६ वर एका दिवसात आणणं हा कोरलला दुसरा धक्का आहे. दिवसाला ०.००१, बस. अल्कलिनिटी दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त वाढवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. दिवा आठवडाभर थोडा कमी ठेवा, कार्बन ताजा लावा, त्या कोरलची जागा रोज बदलत राहू नका. दगडी कोरलमध्ये मांसाची कड पातळ, फाटकी न दिसता गोल, फुगीर होऊन सांगाड्यावर उतरू लागली की ते सावरतंय.

कासारवडवलीचं टोडस्टूल त्याच सकाळी कापलं. बूड पूर्ण कुजलेलं होतं, ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. वरची टोपी तेवढी चांगली होती. ब्लेड धरताना मुलाचा हात थरथरत होता, म्हणून पहिला छेद मी दिला, पुढचे त्याने. टोपी लाइव्ह रॉकच्या तुकड्यावर सुईदोऱ्याने सैल टाचली आणि वेव्हमेकरच्या वाटेत ठेवली. खारटपणा चार दिवसांत खाली आला. अठरा दिवसांनी त्याने दोरा कापला, टोपी दगडाला चिकटलेली होती. गणपतीत त्याचा फोटो आला. टोपी ताटलीएवढी उघडलेली, कडेकडेने नवे पॉलिप, आणि खाली मापकाचा फोटो: ३५ च्या द्रावणावर १.०२६.